तन्मयच्या ॲम्पसमोरचा माइक

बराकपूरच्या मैदानात दुपारी स्टेजवर वायरी पसरत असतानाच तन्मयने पिशवीतून एक लाकडी डबी काढली आणि बहिणीसमोर उघडून धरली. आत रिबन माइक होता. ज्या स्टुडिओत त्याच्या बँडचं पहिलं गाणं रेकॉर्ड झालं, तिथल्या मालकाला गळ घालून त्याने तो एका दिवसापुरता मागून आणला होता.

"ताई, आज माझ्या गिटारच्या ॲम्पसमोर हा लावायचा."

कादंबरीने डबीत डोकावून पाहिलं. "छान आहे. पण इथे नाही लावणार."

ती बरीच वर्षं कार्यक्रमांचा साउंड बघायची. वडील गार्डन रीचला रेल्वेच्या ऑफिसात, त्यामुळे दोघं भावंडं कलकत्त्यातच वाढली. पण भावाच्या बँडचा साउंड तिच्याकडे पहिल्यांदाच आला होता. सकाळी सियालदहहून निघताना आईने बजावलं होतं, "भांडू नका."

"नाही म्हणजे का?" तन्मय म्हणाला. "रेकॉर्डिंगमध्ये कसला गोल आवाज आला होता! लोक तेच गाणं ऐकायला येणार आहेत ना?"

"तिथे बंद खोली होती आणि तू एकटा वाजवत होतास. इथे नदीवरून वारा येतोय. या माइकच्या आत धातूची पट्टी असते, चांदीच्या वर्खासारखी. जोराची झुळूक आली तर ताणली जाईल."

"मी फोमची टोपी आणली आहे." त्याने खिशातून ती काढूनही दाखवली.

कादंबरीला त्याचं कौतुक वाटलं, पण ती हलली नाही. तिने आपल्या पेटीतून जाळी चेपलेला एक साधा डायनॅमिक माइक काढला आणि स्टँडला लावला. तो पाहून तन्मयचा चेहरा उतरला. बँडमधली बाकीची मुलं बघत होती, आणि रागावला की त्याचं मराठी घसरायचं.

"गिटार माझा आहे. आवाज पण माझा आहे. तू असं सगळ्यांच्या समोर नको बोलू मला."

एरवी तिने 'माझी गिटार' म्हणून दुरुस्त केलं असतं. आज तिने फक्त मान हलवली. "बरोबर आहे. आवाज तुझाच आहे. मग मी सांगते म्हणून ऐकू नकोस, कानाने ऐक. दोन्ही माइक लावते."

तिने ॲम्पसमोर दोन्ही माइक शेजारी शेजारी लावले आणि तन्मयला मिक्सरपाशी नेऊन हेडफोन दिला. गिटार स्टँडवरच राहिली. मग तिने गायिकेला, आभाला, हाक मारून हिंदीत सांगितलं, "दोन ओळी गा, मोठ्याने."

आभा गायला लागली. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून स्टेजच्या पुढच्या कडेला खाली स्पीकर ठेवले होते. त्यांची तोंडं मागे, ॲम्पच्या दिशेला होती.

"हा कुठला चॅनल?" तन्मयने विचारलं.

"तुझा रिबन."

"यात तर आभाच येते आहे! पूर्ण!"

"तो पुढून ऐकतो तेवढंच मागूनही ऐकतो. त्याची पाठ त्या स्पीकरकडे आहे. आता हा ऐक." तिने बटण दाबलं. आभाचा आवाज दूर गेला, शेजारच्या खोलीत गेल्यासारखा.

तन्मय हेडफोन न काढता तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी गिटार वाढवायला सांगितली, की आभा पण वाढणार."

"आणि ड्रमही. मग स्पीकरमधून शिट्टी वाजायला लागणार."

त्याने स्वतःच जाऊन रिबन माइक काढला आणि डबीत ठेवला.

संध्याकाळी मैदान भरलं. दुसऱ्याच गाण्यात वारा वाढला, आभाला स्वतःचा आवाज ऐकू येईना आणि तिने हात वर करून खूण केली. कादंबरीने तिच्या समोरच्या स्पीकरचा आवाज बेधडक वाढवला. गिटारच्या आवाजाला धक्काही लागला नाही. तन्मयने एकट्याचा तुकडा वाजवला तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत एकेक सूर खणखणीत पोचला. लोकांनी ओरडून तोच तुकडा पुन्हा मागितला.

"मजा आली," खाली उतरल्यावर तो एवढंच म्हणाला. तिला तेवढं पुरलं.

पुढच्या महिन्यात बँडने त्याच स्टुडिओत दुसरं गाणं रेकॉर्ड करायला घेतलं आणि साउंडसाठी तन्मयने ताईलाच बोलावलं. बंद खोली, वारा नाही, समोर स्पीकर नाहीत. तिने काही न विचारता रिबन माइक लावला. आभाचा आवाज आधीच रेकॉर्ड झाला होता. तन्मयने त्यावर वाजवलं, मग काचेच्या या बाजूला, मिक्सरपाशी येऊन दोन्ही एकत्र ऐकलं.

"गोड आहे," तो म्हणाला. "पण आभा गायला लागली की गिटार बुडते."

"बुडत नाही. थोडी वाढवते."

"वाढवून नाही होणार, ताई. परत ऐक."

तिला जरा रागच आला. तरी तिने डोळे मिटून पुन्हा ऐकलं. गाणं वेगाचं, चिडलेलं होतं. रिबनचा भरदार आवाज नेमका आभाच्या आवाजावर बसत होता. गिटार वाढवली की आभा झाकली जायची, कमी केली की गिटार गुळमुळीत वाटायची. त्याचं म्हणणं बरोबर होतं. आणि या वेळी तो माइकचं नाव घेऊन बोलत नव्हता, ऐकून बोलत होता. तिचा राग गेला.

"डायनॅमिक लावू या," ती म्हणाली. स्टुडिओच्या मालकाने भुवया उंचावल्या. तिने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

तिने पेटीतून माइक काढला, ॲम्पपर्यंत गेली, आणि मग तो तन्मयच्या हातात दिला. "तूच लाव."

तो गुडघ्यांवर बसला. माइक ॲम्पच्या स्पीकरच्या बरोबर मध्यावर लावला, तार छेडून हेडफोनमध्ये ऐकलं, नकारार्थी मान हलवली आणि बोटभर कडेला सरकवला.

"इथे," तो म्हणाला. "इथे माझी गिटार माझ्यासारखी येते."

कादंबरी काचेपलीकडे जाऊन बसली आणि तिने रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.