चारही स्क्रू

देवळाली कॅम्पातल्या एका फौजीच्या घरात स्टुलावर उभ्या असलेल्या इलेक्ट्रिशियन धम्मपालचा हात एकाएकी थांबला. पेचकस स्क्रूवर टेकवलेला होता, नुसता पिळायचा बाकी होता. आणि त्याच्या मनात आलं, सकाळी लताबाईंकडे असाच शेवटचा स्क्रू आपण पिळला का?

लताबाई म्हणजे अशोका मार्गावर एकट्या राहणाऱ्या, शाळेतून रिटायर झालेल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई. मुलगा राकेश बंगलोरला. आईचा गीझर त्याला तिथून फोनवर चालू-बंद करायचा होता. गीझर म्हणजे जड लोड. फोनचा हुकूम ऐकणाऱ्या बोटभर रिलेला तो झेपत नाही. म्हणून मध्ये एका डब्यात कॉन्टॅक्टर बसवायचा. रिलेनं नुसता इशारा द्यायचा, भार कॉन्टॅक्टरनं उचलायचा. धम्मपालनं असली कामं डोळे मिटून केली असती.

सकाळी शेवटच्या तारेपाशी त्याचा फोन वाजला होता. बोलणं झाल्यावर त्यानं डब्याचं झाकण लावलं. झाकण लावलेलं लख्ख आठवत होतं. त्याच्या आधीचं काहीच नाही.

राकेशनं बंगलोरहून चालू करून पाहिलं तेव्हा सगळं ठीक होतं. पण सैल स्क्रू दोन मिनिटांत कळत नाही. तो तापत जातो, मग प्लास्टिक वितळतं. डबा होता लाकडी कपाटात, बाथरूमच्या दाराला लागून. आणि राकेशनं टायमर लावला होता संध्याकाळी पाचचा.

आता चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्यानं राकेशला फोन लावला. नुसती रिंग. लताबाईंनाही लावला, पण त्या दुपारी फोन बंद करून झोपायच्या.

"वहिनी, मला जरा जावं लागेल."

"अहो, असं अर्धवट टाकून?" फौजीची बायको म्हणाली.

"मेन बंद केलाय. हात लावू नका कशाला."

वाटेत बिटको चौकात नेहमीसारखी गर्दी. सिग्नलला त्यानं पुन्हा फोन लावला, पुन्हा नुसती रिंग. हेल्मेटच्या आत त्याला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. गेल्या महिन्यात घोटीला पंपाचं काम करून तो पक्कड तिथेच विसरून आला होता. त्याआधी एका गिऱ्हाइकाला एकच गोष्ट दोनदा विचारली होती. दोन्ही वेळा तो हसण्यावारी घेऊन मोकळा झाला होता. बायकोलाही सांगितलं नव्हतं.

पाचला चार मिनिटं असताना तो पार्किंगमध्ये शिरला आणि गाडी तशीच टाकून मीटरच्या बोर्डाकडे धावला. बाईंच्या फ्लॅटचा मेन खाडकन खाली ओढला. मग जिना चढून त्यानं बाईंचं दार वाजवलं.

बाईंनी दार उघडलं. "धम्मपाल? लाइट गेलीय बघ."

"मीच बंद केलीय, बाई. जरा बघायचं राहिलं होतं."

कपाट उघडून त्यानं झाकण काढलं. पेचकस लावून एकेक पिळून पाहिला. एक स्क्रू. दोन. तीन. चौथा. एकही तसूभर हलला नाही. प्रत्येकाच्या डोक्यावर लाल शाईचा टिपका होता. स्क्रू आवळला की टिपका द्यायचा, ही त्याचीच पद्धत. टिपके त्यानंच दिले होते. कधी, ते त्याला आठवेना.

स्क्रू सैल निघाला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं. सैल स्क्रू आवळता येतो.

"काय झालं रे? घाम केवढा आलाय."

"बाई, चष्मा लावून जरा बघता का? करंट नाहीये. मी स्वतः बंद केलाय." मग तो थांबला. खिशातून टेस्टर काढून चारही ठिकाणी लावून पाहिला. "नाहीये. हा पेचकस घ्या. फिरतोय का सांगा."

इतकी वर्षं वह्या तपासलेल्या त्या बाईंनी डोकं कपाटात घातलं आणि सावकाश एकेक स्क्रू पाहिला.

"घट्ट आहे."

"चारही?"

"चारही घट्ट आहेत, धम्मपाल."

त्यानं झाकण लावलं, खाली जाऊन मेन चालू केला आणि परत वर आला. पाच वाजून गेले होते, म्हणून त्यानं हातानंच बटण दाबलं. डबा टक् करून वाजला. पाणी तापू लागलं.

तेवढ्यात कॅम्पातून फोन आला. "मी उद्या माझ्या हाताखालच्या गोरक्षला पाठवतो, वहिनी," तो म्हणाला. "नाही, मी नाही येणार. माझ्यापेक्षा चांगलं करतो तो. हो, खरंच."

बाई आंघोळीला गेल्या. आतून बादलीत पाणी पडल्याचा आवाज आला. धम्मपाल डब्यावर तळवा टेकवून उभा होता.

"अजून आहेस का रे?" बाईंनी आतून विचारलं.

"आहे, बाई."

"तापतोय का डबा?"

"नाही."

डबा गार होता. त्यानं हात काढला नाही.