अभिषेकानंतर चढलेला काटा

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी रसमड्याच्या कारखाना-वसाहतीतल्या एका शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध झेंडूच्या माळा घातलेलं, भंगारातून आणलेलं बोटीचं जुनं इंजिन. धरणावर प्रवासी नेणाऱ्या लाँचमध्ये ते बसायचं होतं. लाँच चालवणार होता मोहित. त्याचे वडील तेजराम, पोलादाच्या प्लांटमधले निवृत्त फिटर, रिसाली वस्तीतले माझे शेजारी. इंजिन त्यांनीच नव्यानं बांधलं होतं.

पण ते तापलं की ऑइल प्रेशरचा, म्हणजे वंगणाच्या तेलाचा दाब दाखवणारा काटा लाल खुणेखाली घसरायचा. जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा स्क्रू तेजरामनी शेवटपर्यंत आवळला, तरी काटा वर येईना. मग कुणीतरी चमत्कारांसाठी प्रसिद्ध असलेल्या एका बाबांना आणलं.

बाबांनी आधी इंजिन बंद करवलं. "इसकी आत्मा प्यासी है! आज पाना लावायचा नाही. जल चढाओ!"

इंजिनाच्या बुडाशी असलेल्या वंगणतेलाच्या टाकीवर बाहेरून घागरीमागून घागरी थंड पाणी ओतलं गेलं. मग लांबलचक आरती, मग प्रसाद. मग इंजिन सुरू केलं, आणि काटा सरसर चढला. शेड जयजयकारानं दणाणली.

"पाहा ना मॅडम, काटा कसा उभा हाय!" तेजरामच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी भौतिकशास्त्र शिकवते. म्हटलं, "बंद करू नका. तापू द्या."

"मॅडमले देवाचंबी सर्टिफिकेट पाहिजे!" मागून कुणीतरी ओरडलं. लोक हसले.

"माई, हा काटा नाही, माझ्या गुरूचं बोट आहे," बाबा म्हणाले.

"मग गुरूंना उष्णता सोसते का ते पाहू."

थोड्या वेळानं गुरूंचं ते बोट खाली झुकू लागलं. बाबा घाईनं म्हणाले, "बस! दर्शन समाप्त. मशीन रोको, कल बोट में बिठाओ."

तेजरामचा हात बंद करायच्या दांड्यावर गेला. समोर मोहित गळ्यात हार घालून उभा होता. तेजरामनी त्याच्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. काटा लाल खुणेखाली गेला, आतून ठोके ऐकू येऊ लागले, तेव्हाच त्यांनी इंजिन बंद केलं.

"शंकेनं काटा पाडला!" बाबा गरजले. माना डोलल्या. बाबा जेवायला बसले.

मी लोकांना सांगितलं, "गार तेल गुळाच्या पाकासारखं घट्ट असतं. झिजलेल्या बेअरिंगच्या फटीतून ते लवकर निसटत नाही, म्हणून दाब दिसतो. तापून पातळ झालं की निसटतं. मग वंगणाविना इंजिन अडकतं, भर धरणात माणसं बसलेली असतानाही. घागरींनी आत्मा नाही, तेल गार झालं. आरतीनं त्याला वेळ दिला." मग तेजरामकडे वळले. "तुम्हाला हे माहीत नव्हतं?"

"होतं ना मॅडम. जिनगानी बेअरिंग बदलण्यातच गेली. पण याचे बेअरिंग कुठंच भेटून नाही राहिले. पोराची लाँच अडली होती. वाटलं, एकडाव देव ऐकन."

इंजिन निवल्यावर त्यांनी पूजेच्या दिवशी पाना उचलला. बायका "अरे देवा" म्हणत मागे सरल्या. बेअरिंग निघालं, वरचा पांढरा धातू झिजून आतलं तांबं उघडं पडलेलं. तेजरामनी ते बाबांच्या ताटाशेजारी ठेवलं.

"बाबा, हे मॅडमच्या शंकेनं झिजलं का?"

बाबांनी पुरी मोडली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेडमध्ये बाबांच्या सांगण्यावरून कॉम्प्रेसरवर घागरी रिकाम्या होत होत्या, आणि पाणी भरणारे हात कालचेच होते.

देव मानावा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण ज्या यंत्रावर माणसांचे जीव सोपवायचे, ते तापेपर्यंत थांबा, मग काटा पाहा. मोहितची लाँच अजून काठावरच उभी आहे. येणारे-जाणारे त्याला हसतात. हसायला ते जिवंत आहेत.