चाळीस वर्षं न धुतलेला झगा

"युरोप टिकून आहे तो तीन गोष्टींवर," दोतोर एव्हारिस्तो क्वारेज्मा म्हणाले. "रोमनांचे कायदे, संतांची हाडं आणि कोइंब्राच्या विद्यार्थ्याचा न धुतलेला झगा."

एवढं बोलून त्यांनी खुंटीवरच्या झग्याकडे हात केला आणि त्यांना शिंक आली. मग दुसरी. मग तिसरी.

"पाय वर घे," त्यांच्या पत्नी दोना देओलिंदा म्हणाल्या. "फरशी पुसायचीय."

युरोपच्या परंपरेने मुकाट्याने पाय वर घेतले.

हिनेकला हे भाषण एव्हाना पाठ झालं होतं. चेक देशातल्या ओलोमोउत्सहून पोर्तुगालमधल्या कोइंब्रात एका सत्रापुरता इतिहास शिकायला तो फेब्रुवारीत या घरी भाडेकरू म्हणून आला, तेव्हापासून नळवाल्यापासून पाद्रीबाबांपर्यंत जो कोणी उंबरठा ओलांडेल त्याला हे ऐकावं लागत होतं. एव्हारिस्तो निवृत्त वकील. कोइंब्रात पदवी मिळवलेल्या कुणालाही दोतोर म्हणतात. त्याला दाढ दुखते म्हणून सांगायला जायचं नसतं. अंगावर पडलेलं विद्यार्थीपण काही जणांचं पदवी मिळताच गळून पडतं. एव्हारिस्तोंनी ते खुंटीला टांगून ठेवलं होतं.

झगा काळ्या लोकरीचा, पोटरीपर्यंत येणारा. इथले विद्यार्थी तो खांद्यावरून पांघरतात आणि जन्मात धूत नाहीत. धुतला की पाण्याबरोबर आठवणी जातात म्हणे. एव्हारिस्तोंचा झगा चाळीस वर्षं पाण्याला शिवला नव्हता. तो अंगावर घेतला की त्यांना हमखास शिंका येत, आणि "हा इतिहासाचा धुरळा," असं ते रुमालात तोंड घालून सांगत.

हिनेकचं आणि या घराचं सूत जमलं ते पत्त्यांमुळे. परदेशातून सत्रापुरती आलेली बाकीची मुलं एकमेकांबरोबर समुद्रावर जात, एकमेकांबरोबर लिस्बनला जात आणि परत निघताना एकमेकांच्या गळ्यात पडून पोर्तुगालने आपल्याला किती दिलं म्हणून रडत. हिनेक मुळात बुजरा, त्यात त्याला समुद्र लागायचा. मार्चमध्ये एव्हारिस्तोंच्या पत्त्यांच्या अड्ड्यातला चौथा भिडू मुलीकडे राहायला गेला आणि एका संध्याकाळी त्यांनी हिनेकच्या खोलीचं दार वाजवलं. "पत्ते येतात?" "नाही." "उत्तम. मग तू बेल्शिओरचा भिडू." त्या दिवसापासून गावात हिनेकला नावाने हाक मारणारी माणसं झाली. पाववाली "काल हरलास म्हणे" असं विचारू लागली. परक्या गावात याहून जास्त काय हवं असतं?

आणि आता तर कळसच व्हायचा होता. या झग्याच्या काठाला फाटे असतात, म्हणजे आठवणीसाठी मुद्दाम फाडलेल्या चिरा. उजवीकडचे घरच्यांनी फाडायचे, डावीकडचे मित्रांनी, आणि फाडायचे ते दातांनी. एव्हारिस्तोंच्या डाव्या काठावर सात फाटे होते आणि प्रत्येकाची एकेक कहाणी होती, त्यांतल्या दोन तर खऱ्याही असाव्यात. रविवारी त्यांच्या तुकडीचं चाळिसाव्या वर्षाचं जेवण होतं. तिथे सगळ्यांच्या समोर आठवा फाटा हिनेकने फाडायचा, असं त्यांनी जाहीर केलं होतं. हिनेकने परीक्षेचा निकालसुद्धा एवढ्या धडधडीने बघितला नव्हता. त्याने आरशासमोर जुन्या मोज्यावर सराव केला होता.

गुरुवारी दोना देओलिंदा रविवारसाठी केस करून घ्यायला गेल्या. एव्हारिस्तोंनी झगा हवेला म्हणून खुंटीवरून काढून स्वयंपाकघरातल्या खुर्चीच्या पाठीवर टाकला (गच्चीत नाही, उन्हाने झग्याचं वय कमी होतं) आणि ते कॉफी प्यायला गेले. घर रिकामं बघून हिनेकने ठरवलं की आज आपण या दोघांना आपल्या गावाकडचं जेवण करून घालायचं. चार महिने आयतं खाल्लं, काहीतरी फेडावं. फोन साखरेच्या बरणीला टेकवून त्याने आईला समोर उभं केलं आणि तिच्या हुकमाबरहुकूम गोमांसाचा लालभडक रस्सा शिजवला. कांदा भरपूर, पाप्रिका भरपूर, शहाजिरं आईच्या हाताने. म्हणजे आईच्या हाताने जेवढं, त्याच्या दुप्पट. वास तर असा सुटला की खालच्या मजल्यावरचं कुत्रं जिन्यात येऊन बसलं.

मग त्याने पातेलं उचललं, वळला आणि खुर्चीच्या पायाला अडखळला.

"आई, सांडलं."

"किती?"

"सगळं."

"कशावर?"

हिनेकने फोनच तिकडे फिरवला.

"काय रे ते? घोंगडी का?"

"दोतोरांचा झगा."

"मग बघत काय बसलायस? थंड पाण्यात टाक, आत्ताच्या आत्ता. हा डाग एकदा वाळला की नवऱ्यासारखा असतो, जात नाही."

"आई, तो धूत नाहीत. चाळीस वर्षं धुतलेला नाही."

ओलोमोउत्समध्ये आईने चश्मा डोळ्यांवर चढवला.

"आणि त्या घरात तू चार महिने जेवतोयस," आई म्हणाली.

झग्यावर मांसाचे तुकडे हळूहळू घसरत होते. न धुवावा तर रविवारी एव्हारिस्तो खांद्यावर रस्सा पांघरून जाणार. धुवावा तर चाळीस वर्षं मोरीतून नदीत जाणार, आणि वर्षांमागोमाग हिनेकही. त्याने डोळे मिटले, झगा न्हाणीघरात नेला आणि टबात सोडून नळ उघडला. भिजत घोंगडं म्हणतात ते हेच.

पहिलं पाणी लाल आलं. ते सोडून त्याने दुसरं घेतलं आणि मनाची तयारी केली. आता काळं पाणी येणार. गुत्त्यांतली दारू, चुलींचा धूर, आंदोलनांची धूळ, चाळीस वर्षांचा घाम, सगळं येणार. दुसरं पाणी गुलाबी आलं. त्याने तिसरं घेतलं आणि झगा दोन्ही हातांनी खळबळला.

तिसरं पाणी स्वच्छ होतं.

हिनेकने वाकून बघितलं. टबाचा तळ दिसत होता. तळाच्या भोकाभोवतीचा गंजसुद्धा दिसत होता. त्याने कॉलर नाकाशी नेली. शहाजिऱ्याच्या पाठीमागून, अगदी मंद, लव्हेंडरचा वास आला.

"पिळू नकोस," दारातून आवाज आला. "लोकर आहे ती, अशील नाही."

दोना देओलिंदा उभ्या होत्या. केस नुकतेच सेट केलेले, डोक्यावर जणू एक लहानसं चर्च बसवलंय. हिनेकला वाटलं आपण टबात आडवं व्हावं आणि वरून पाणी सोडून घ्यावं.

"दोना देओलिंदा, मी तुम्हाला सगळं सांगतो..."

"जमिनीवर रस्सा आहे, बाबा, मला सगळं कळलं. पाणी कोमट तर नाही ना घेतलंस?"

"थंड."

"तुझ्या आईने वळण लावलंय." त्यांनी बाह्या वर केल्या आणि झगा त्याच्या हातातून काढून घेतला. ज्या सराईतपणे त्यांनी तो दुमडला, दाबला आणि टबाच्या काठावर निथळत ठेवला, ते बघून हिनेकच्या मनात हळूहळू उजाडायला लागलं.

"हा झगा तुम्ही..."

"दर सप्टेंबरला. तो गुडघ्यांसाठी गरम झऱ्यांवर जातो ना, तेव्हा."

"चाळीस वर्षं?"

"अडतीस. पहिली दोन वर्षं मी प्रेमात होते."

"आणि दोतोरांना कळलं नाही? वास येत नाही म्हणून?"

"वास करायला कितीसं लागतं? वाळला की एक दिवस सार्डिन भाजायच्या शेगडीवर धरायचा. कॉलरला जरा लाल वाइन. मग खिडक्या लावून मी त्याचा एक सिगार ओढते."

"तुम्ही सिगार ओढता?"

"वर्षातून एकदा. झग्यासाठी," दोना देओलिंदा म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला पश्चात्ताप म्हणता आलं नसतं. "गुत्त्यांशी नाही रे, माणसाशी लग्न केलं होतं मी. पण त्याला सांगायचं कशाला? आल्या दिवशी तो झगा नाकाला लावतो, 'देओलिंदा, हे बघ माझं तारुण्य' म्हणतो, दोनचार शिंका देतो आणि खूश होतो. एवढ्या स्वस्तात कुठला नवरा खूश होतो?"

हिनेक म्हणाला की तरीही आपण दोतोरांना रश्श्याचं खरं काय ते सांगणार. नाहीतर रविवारी तो काठ दातांत धरताना आपल्याला चोरासारखं वाटेल.

"कबुलीजबाब द्यायचा तर पाद्रीबाबांना दे, त्यांना दुसरं काम नसतं," दोना देओलिंदा म्हणाल्या. "माझी अडतीस वर्षं तुझ्या एका पातेल्यासाठी मी उघडी पाडायची नाहीत. समजलं?"

समजलं. एव्हारिस्तोंना कळवण्यात आलं की गळ्याचा आकडा सैल झाला म्हणून झगा शिवणाऱ्या बाईकडे गेलाय. दोन दिवस तो देओलिंदांच्या बहिणीच्या माळ्यावर वाळला, एक दुपार शेगडीवर राहिला. शनिवारी दोना देओलिंदांनी कॉलरला नाक लावलं आणि कपाळाला आठी घातली.

"शहाजिरं जात नाहीये."

"पुन्हा धुवायचा?"

"वाळणार कधी? असू दे. देव आहे आणि तिथल्या सगळ्यांची नाकंही म्हातारी झालीयत."

हिनेकचा देवावर फारसा विश्वास नव्हता. त्याने सगळी भिस्त नाकांवर ठेवली.

जेवण खालच्या पेठेत होतं. वाइनमध्ये शिजवलेलं बकऱ्याचं मटण काळ्या मडक्यांतून आलं, तेव्हा चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या विद्वानांनी तीन पदार्थांवरून, दोन प्राध्यापकांवरून आणि कोण कुणाच्या बहिणीच्या मागे होता यावरून भांडणं उरकून घेतली होती. दोतोर बेल्शिओर टेबलाच्या टोकाला. हे हिनेकचे पत्त्यांतले भिडू, निवृत्त न्यायाधीश, आणि त्यांच्या नाकाची ख्याती मोठी. वाइनचं बूच हुंगून ते टेकडीची कुठली बाजू ते सांगत, आणि न्यायाधीश असल्यामुळे त्यांना कुणी खोडत नसे.

"आण तो झगा," ते म्हणाले. "माझा कसरीने खाल्ला. निदान तुझा हुंगू दे."

एव्हारिस्तोंनी झगा त्यांच्या हातात दिला. हिनेकच्या तोंडातला पाव तिथेच राहिला. दोना देओलिंदा मडक्यातलं मटण निवडण्यात गढून गेल्या होत्या.

बेल्शिओरांनी हुंगलं. थांबले. डोळे मिटून पुन्हा हुंगलं.

"हा वास..." ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज घोगरा झाला. "अरे लेकांनो. ही तर फेलिज्बेलाबाईंची खानावळ."

झगा हातोहात फिरला. साठी ओलांडलेली माणसं कॉलरीत तोंड खुपसू लागली. एकाला बाकडी आठवली, एकाला उधारी, एकाला फेलिज्बेलाबाईंची पुतणी. मांसात काहीतरी घालायची रे ती, काय घालायची? शहाजिरं, दुसरा म्हणाला, शहाजिरंच. तिसऱ्याने चश्मा काढून पुसला.

"पण ती तर मासे तळायची ना?" कोपऱ्यातला एक बारीकसा नोटरी म्हणाला.

"सिमाव," बेल्शिओर म्हणाले, "तू तेव्हाही वर्गात झोपायचास."

प्रकरण निकालात निघालं. एव्हारिस्तो झग्याकडे बघत शांतपणे मिशीवरून बोट फिरवत होते. मग त्यांनी हिनेकला जवळ बोलावलं, डावा काठ त्याच्यापुढे धरला आणि म्हणाले, "हं. मित्राचा फाटा."

हिनेकने दात रोवले. लोकर चिवट होती; मोज्याची गोष्ट वेगळी. टेबलावर मुठी आपटू लागल्या. "ओढ रे! बैलासारखा ओढ!" त्याने डोळे गच्च मिटून हिसका दिला आणि कापडाने टर्रकन आवाज केला. फाटा बोटभरच गेला, पण गेला. गजर झाला, कुणीतरी त्याच्या पाठीत थाप मारली. त्याच क्षणी त्याच्या दातांखाली काहीतरी बारीक कुरकुरलं. शहाजिऱ्याचा दाणा होता. हिनेकने पुरावा चावून गिळला आणि वर बघितलं. दोना देओलिंदा रुमालाने डोळे टिपत होत्या. भावनेने की हसण्याने, हे विचारायची सोय नव्हती.

परत जाताना चढणीच्या पायऱ्यांवर एव्हारिस्तोंनी मध्येच थांबून दम घेतला. दोना देओलिंदा बहिणीशी बोलत बऱ्याच पुढे गेल्या होत्या. वर मनोऱ्यातली घंटा वाजत होती. एव्हारिस्तोंच्या खांद्यावर झगा होता आणि त्याच्या डाव्या काठावर हिनेकचा फाटा वाऱ्याने हलत होता. हिनेकला वाटलं, आता आपण इथे चार महिन्यांचे पाहुणे उरलो नाही.

"सिमावचं बरोबर होतं," एव्हारिस्तो हळूच म्हणाले. "फेलिज्बेलाबाई फक्त मासे तळायच्या. मांस परवडणारं एकही गिऱ्हाईक नव्हतं त्यांच्याकडे."

"दोतोर, तो झगा, खरं म्हणजे गुरुवारी..." हिनेक म्हणाला.

"हा झगा चाळीस वर्षं पाण्याला शिवलेला नाही," एव्हारिस्तो ठामपणे म्हणाले, आणि त्यांना शिंक आली. मग दुसरी. मग तिसरी. त्यांनी नाक पुसलं, पुढे देओलिंदा किती लांब आहेत ते बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. "सप्टेंबरात मी झऱ्यांवर जाईन. दर वर्षी जातो. तू घरी पोचलास की देओलिंदाला फोन करशील ना?"

"करेन की."

"मग सहज बोलता बोलता, तुझ्या आईने सांगितलं म्हणून सांग." त्यांनी झग्याची कॉलर नाकापासून जरा दूर धरली. "लोकरीला लव्हेंडरचा नको म्हणावं. बिनवासाचा साबण बरा."