जांभळ्या तळव्यांचा उंदीर

"आला! आला! आला!"

बाबा तीनदा ओरडले. काळ्या कापडाखाली खट् असा आवाज झाला आणि बेकरीच्या मागच्या गोदामात दाटीवाटीने बसलेल्या साठ-सत्तर माणसांनी श्वास रोखला. बाबांनी कापड दूर केलं. मघाशी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत रिकाम्या मांडलेल्या सापळ्यात आता उंदीर होता. तार मानेवर आणि चारही पाय वर.

"सांगा लेकरांनो, मी हात लावला?"

"नाही, बाबा!"

"आमिष ठेवलं?"

"नाही, बाबा!"

"मग हा आला कशाला? मी बोलावलं म्हणून! माझ्या सापळ्यात उंदीर मरत नाही, सुटतो! याला मुक्ती मिळाली आणि घराची पीडा टळली!"

लोकांनी तोंडात बोटं घातली. बेकरीवाल्याच्या तर डोळ्यांना धार लागली. त्याच्याच मैद्यावर पोसलेले उंदीर वरच्या तिन्ही मजल्यांवर सुखाने नांदत होते, पण गोदाम झाडून घ्यायचं सोडून तो बाबांचे पाय चेपत बसला होता.

लॅबमावशी मागच्या भिंतीला टेकून नाकाला रुमाल लावून उभी होती. शाळेच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं बाटल्या धुण्यात आणि मेलेले प्राणी मुलांसमोर मांडण्यात गेली होती, त्यामुळे सगळे तिला याच नावाने ओळखत. उंदराची तिला किळस नव्हती. पण हा उंदीर बघून ती पुढे वाकली. आत्ता मेलेला उंदीर चिंधीसारखा लोंबतो. हा लाकडासारखा ताठ होता आणि त्याच्या कानात मुंग्या शिरल्या होत्या.

तेवढ्यात तिची विहीण पुढे सरसावली. मुक्ती मिळालेल्या जिवाचे पाय तिने भक्तिभावाने बोटांनी शिवले, बोटं कपाळाला लावली आणि त्याच बोटांनी कडेवरच्या दहा महिन्यांच्या नातीचा गाल कुरवाळला.

"अहो विहीणबाई, काय करताय!" मावशी किंचाळली. गोदामभर "श्श! श्श!" झालं.

बाबांचे नियम साधे होते. ज्याच्या घरी अनुष्ठान, त्याच्याकडे एकवीस दिवस सापळा लावायचा नाही आणि केरही काढायचा नाही. उंदीर गेले नाहीत तर, "झाडू मारलात ना?" एवढं विचारलं की काम भागत होतं. बाकीच्या घरांनी आपल्या सापळ्यातला मेलेला उंदीर कचऱ्यात न टाकता रोज सकाळी शिष्याच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. त्यालाही मुक्ती मिळणार होती! लोक तो कागदात गुंडाळून, रांग लावून देत. देताना हात जोडत.

मावशी तशीच विहीणबाईंच्या मागोमाग लेकीकडे, वर दुसऱ्या मजल्यावर गेली. अनुष्ठानाचा बारावा दिवस. दार उघडताच मुताचा उग्र दर्प आला. ओट्यावर लेंड्या, ताटाळ्यात लेंड्या, आणि बाळाच्या दुधाच्या पावडरीच्या डब्याचं झाकण कडेने कुरतडलेलं. मावशीने झाकण उघडलं, आत पावडरीवरही लेंड्या पाहिल्या आणि तो डबा बाळाच्या हाती लागू नये म्हणून खिडकीत नेऊन ठेवला. 

"बाळाला दोन दिवस जुलाब होतायत, आई," लेक हळूच म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, स्वच्छता ठेवा."

"मग ठेव ना!"

"झाडू लावला तर अनुष्ठान मोडेल म्हणतात. बाळावर उलटलं तर? यांनाही आईंचं पटलंय. मी एकटी काय करू?"

बाळ रांगत आलं. मुठीत काहीतरी होतं आणि मूठ तोंडात गेली. मावशीने झडप घालून बाळाच्या जिभेवरून एक काळी लेंडी बोटाने काढली. एवढा संताप तिला आयुष्यात आला नव्हता.

"विहीणबाई, उद्या दुपारी बाबा याच स्वयंपाकघरात, याच घरातला उंदीर बोलावणार ना?"

"बोलावणारच! तुमचा विश्वास नसला तरी."

"खरा निघाला तर मी त्यांच्या पाया पडेन. खोटा निघाला तर केरसुणी माझ्या हातात द्यायची. कबूल?"

"कबूल!" विहीणबाई फणकाऱ्याने म्हणाल्या.

मावशीच्या स्वतःच्या घरी, गल्लीच्या पलीकडे, साधे लाकडी पट्टीचे सापळे असत. उंदीर भिंतीला घासत पळतो, म्हणून ती सापळा भिंतीला काटकोनात लावी, खटक्याची बाजू भिंतीकडे. आमिष म्हणून वाटलेला शेंगदाणा, तोही हरभऱ्याएवढाच. जास्त ठेवला तर लेकाचा वरवर चाटून पसार होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी एक सापडला होता. हातमोजे घालून मावशीने त्याला उताणा केला आणि शाळेत सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या रंगवायच्या जांभळ्या औषधात मागचे दोन्ही तळवे चांगले माखले. मग तो कागदात गुंडाळून ती मुद्दाम रांगेत सगळ्यांत शेवटी उभी राहिली, म्हणजे डब्यात तोच वर राहील.

"मुक्ती द्या हो बिचाऱ्याला," ती शिष्याला म्हणाली.

"शहाण्या झालात, मावशी," शिष्य म्हणाला आणि उंदीर डब्यात टाकला.

दुपारी लेकीचं स्वयंपाकघर माणसांनी भरलं. उरलेले जिन्यात उभे. बाबा लेंड्यांवर आसन टाकून बसले, सापळा मांडला, काळं कापड झटकून दाखवलं आणि दोन्ही हातांनी तंबूसारखं वर धरलं. पुटपुटले, घुमले, डोळे फिरवले.

"आला! आला! आला!"

खट्!

बाबांनी कापड दूर केलं आणि विहीणबाई सापळ्यातल्या उंदराचे पाय शिवायला वाकल्या. मावशीने त्यांचा हात वरच्या वर धरला.

"थांबा. आधी त्याचे तळवे बघा."

तळवे गडद जांभळे होते.

"हा तुमच्या घरातला नाही, माझ्या घरातला आहे. आज सकाळी शिष्याच्या डब्यात मीच टाकला. औषधही मीच लावलंय. बाबा, जरा बोटं दाखवता?"

बाबांनी मुठी आवळल्या. "ही... ही दैवी खूण आहे! मूढ बाई!"

"तुमच्या कापडालाही दैवी खूण असेल मग," मावशी म्हणाली आणि कापड ओढलं. आतल्या बाजूला शिवलेला एक खिसा होता. तो जांभळा झाला होता आणि त्याला कुजका वास येत होता. वास असा की पुढच्या रांगेतला बेकरीवाला उठून मोरीकडे धावला. कापड झटकताना खिसा मुठीत, तंबू केला की उंदीर खाली सापळ्यात. खटक्याला काळा दोरा बांधला होता आणि त्याचं दुसरं टोक निघालं बाबांच्या पायाच्या अंगठ्याला. लेकीने तो दोरा सगळ्यांसमोर ओढून दाखवला. अंगठाही आला.

"तुम्हीच सकाळी माल द्यायचात," मावशी लोकांना म्हणाली, "आणि दुपारी त्याच्याच पाया पडायचात. उंदीर येतो तो सांडलेल्या मैद्यासाठी आणि उघड्या डब्यांसाठी. त्याला पाप कळत नाही आणि मंत्रही कळत नाही. त्याची लेंडी पोटात गेली तर माणूस आजारी पडतो, मग तो कितीही भाविक असो. बिळं बुजवा, डबे घट्ट लावा, साबणपाण्याने पुसा, सापळा लावा, मेलेला हातमोज्यांनी उचला आणि कचऱ्यात टाका. आणि कुणी काही झाकून दाखवलं तर कापड उचलून बघा. एवढंच."

शिष्य डबा टाकून पळाला. बाबांना जिन्यातल्यांनी पळू दिलं नाही. पोलीस येईपर्यंत ते त्या डब्याच्या शेजारीच बसून होते.

विहीणबाई नळाखाली हात धूत राहिल्या. साबणाची अर्धी वडी संपली तरी थांबेनात.

"याच बोटांनी मी तिचा गाल..." त्या म्हणाल्या आणि पुढे बोलवेना.

मावशीने केरसुणीसाठी हात पुढे केला. विहीणबाईंनी ती दिली नाही. नाक-तोंड फडक्याने घट्ट बांधलं, फरशीवर फिनाइलचं पाणी शिंपडलं आणि स्वतःच खाली बसून कोपऱ्यापासून केर काढायला लागल्या.

"तुम्ही बाळाला घेऊन बाहेर जा," त्या मान वर न करता म्हणाल्या. "आणि जाता जाता तेवढं सांगा, सापळा लावताना खटका भिंतीकडे की अलीकडे?"