रंग तेवढा तू निवड

माझ्या नवऱ्याचं मॉड्युलर किचनचं शोरूम आहे. त्याच्या धंद्याचं एक गुपित आहे आणि ते तो चार पाहुण्यांत मोठ्या कौतुकानं सांगतो. ओटा किती उंच, चिमणी कोणती, ट्रॉल्या किती, हे सगळं घरच्या पुरुषाशी बोलून पक्कं करायचं. मग शेड कार्ड बाईच्या मांडीवर ठेवायचं. "बाईले रंग निवडू द्या. दोन तास निवडते, खूश होते, अन् ओटा आपल्या उंचीचा आहे का नाही हे विचारायचंच विसरते." पाहुणे हसतात. त्यांच्या बायकाही हसतात. लग्नाला बारा वर्षं झाली, मीही हसतच आले.

तर असा हा सौरव एका रविवारी जेवता जेवता म्हणाला, "चारू, तुह्यासाठी इलेक्ट्रिक गिटार बनवायले टाकली. सक्करदऱ्याले एक पोरगा आहे, विहंग. इंजिनिअरची नोकरी सोडून गिटारी बनवून राहिला. सगळं मी ठरवून आलो. रंग तेवढा तू निवड."

खोटं कशाला बोलू, आनंदानं मी जेवायचंच विसरले.

मी खापरखेड्याला, वीज केंद्राच्या कॉलनीत वाढले. बाबांनी मला गिटार आणली ती उजव्या हाताची, कारण दुकानात तीच होती. मी जन्माची डावखुरी. मग गिटार उलटी धरायची, तारा उलट्या चढवायच्या आणि वाजवायचं. आवाजाची बटणं कोपराला टोचायची, मानेवरच्या सुरांच्या शेवटच्या घरांपर्यंत बोटं पोचायची नाहीत. दुधाची तहान ताकावर, दुसरं काय! तरी कॉलनीच्या गणपतीत माझ्यावाचून पान हलत नव्हतं. आपल्या हाताची एक गिटार असावी, एवढं एकच मला आयुष्यात हवं होतं. सौरव मला पाहायला आला तेव्हा मी पहिलं तेच सांगितलं होतं. तो "अरे वा" म्हणाला होता.

लग्नानंतर पहिल्याच पंगतीत सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "सूनबाई, आपल्या घरी डाव्या हातानं वाढत नाही वं." वाढणं गेलं, मागोमाग हळदीकुंकू गेलं, आरती गेली, शेवटी पाहुण्याला चहाचा कप देणंही गेलं. उजव्या हाताला सगळं नव्यानं शिकवलं. गिटार माहेरी राहिली आणि पुढे कुणालातरी देऊन टाकली. आणि आता हा माणूस इतक्या वर्षांनी माझं ते बोलणं लक्षात ठेवून आला होता! असं मला वाटलं.

विहंगनं फोनवर नमुन्यांचे फोटो पाठवले. गिटारीच्या मानेच्या दोन्ही कडांना आणि वरच्या चपट्या डोक्याभोवती एक बारीक पट्टी बसवतात. बाइंडिंग म्हणतात तिला, आणि मला रंग निवडायचा होता तो तिचाच. मी तिला काठ म्हणायला लागले. पांढरा काठ कोरा करकरीत दिसतो, काळा मिजासखोर. सायीच्या रंगाचा काठ मात्र घरात मुरलेला वाटतो. मानेला एक आणि डोक्याला दुसरा घ्यावा, की दोन्हीकडे एकच? आठवडाभर हेच डोक्यात. नणंदेसाठी साडी घ्यायला गेले आणि दुकानदारापुढे नुसते काठच बघत बसले. पोळ्या लाटता लाटता बोटं पोळपाटाची कड दाबायची. माझ्या वयाच्या बाईनं इतकं हुरळून जाऊ नये, पण मी गेले.

वर्कशॉपमध्ये पट्ट्या हातात घेतल्या आणि ठरलंच. दोन्हीकडे सायीचा काठ, आत बारीक काळी रेघ. विहंग म्हणाला, "भारी निवड आहे ताई." मग त्यानं लाकडाच्या कडेवर पेन्सिलीनं खुणा केल्या. इथे काठात बारीक काळे ठिपके बसतात, वाजवणाऱ्याला न वाकता घरं मोजता यावीत म्हणून. ते फक्त त्याच्या डोळ्यांकडच्या काठात असतात.

"या नाही, त्या काठात," मी म्हणाले.

"तो तर पायाकडचा काठ झाला ताई."

"मी डावखुरी आहे. मी धरली की तोच काठ वर येतो."

विहंगनं माझ्याकडे पाहिलं, फळ्यावरच्या गिटारीच्या नकाशाकडे पाहिलं, आणि थेट सौरवला फोन लावला. स्पीकरवर.

"डावखोरी? चारू?" सौरव हसला. "ते लग्नाआधीचं होतं बे. आता सगळं उजव्यानंच करते ते. सवय मोडली तिची."

"मोडली नाही, तुह्या घरानं मोडून घेतली," मी म्हणाले. "वाजवायचं काहून बदलू?"

"अवं, सोसायटीच्या गणपतीत तुले वाजवायचं आहे. चारचौघांत डाव्या हातानं वाजवशीन तं आई काय म्हणन? थोडी प्रॅक्टिस कर, जमून जाईन." मग विहंगला म्हणाला, "उजवीच बनव. तिले रंग निवडू दे ना, रंग."

फोन बंद झाला. "मान अजून कापली नाही ताई, बदलता आलं असतं," विहंग जमिनीकडे बघत म्हणाला. "पण ऑर्डर सरांची आहे."

बारा वर्षं ज्या बायकांना मी हसत होते, त्यांच्याच रांगेत मी मांडीवर शेड कार्ड घेऊन बसले होते. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला.

"काठ माझा ना?" मी विचारलं.

"हो, तो तुमचाच."

"आणि ठिपके काठातच बसतात. मग पायाकडच्या काठात बसवा."

"पण ताई, उजव्या हाताच्या माणसाला ते दिसणारच नाहीत!"

"नाहीच दिसणार," मी म्हणाले. तेवढं मात्र त्यानं सौरवला न विचारता केलं.

गिटार आली, हॉलमध्ये भिंतीवर चढली. गणपतीत मी वाजवली नाही. बोट कापलं म्हणून सांगितलं, आणि कोणतं बोट, हे कुणी विचारलंही नाही. दिवाळीनंतर सौरवचा मित्र रजत आला. तो कॉलेजात बँडमध्ये होता. त्यानं गिटार गळ्यात अडकवली, खाली पाहिलं, मग वाकून पलीकडून पाहिलं.

"अबे, ठिपके उलट्या बाजूनं लावले ना यानं!"

सौरवनं लगेच फोन काढला. "थांब, आत्ताच झापतो त्याले."

मी सासूबाईंसमोर चहाचा ट्रे ठेवत होते. "त्याची चूक नाही," मी म्हणाले. "मी सांगून लावले. तू मले तेवढीच जागा सोडली होती. गिटार माझी म्हणाला होतास, माझी असती तं ते बरोबर बसले असते." बोलता बोलता मी रजतसाठी कप उचलला. तो डाव्या हातात होता.

सौरवनं फोन खिशात ठेवला. आता तरी हा काही विचारेल, असं मला वाटलं. मला तशी खरंच आशा होती.

सौरव हसला. गिऱ्हाईक ओट्याच्या उंचीवर अडलं की हसतो, तसा. "पण रंग काय झकास निवडला हिनं, पाह्यना."

रजत म्हणाला, "हो, रंग एक नंबर आहे." सासूबाईंनीही मान डोलावली. मग माझ्या हातातल्या कपाकडे पाहून त्या हळूच म्हणाल्या, "सूनबाई, उजव्यानं."

मी कप तसाच पुढे धरून उभी राहिले. कुणी तो घेतला नाही, तेव्हा मी सोफ्यावर बसले आणि तो मीच प्यायले.