उतरताना वजन जातं कुठे?

माणसाचं वजन किती, हा खरं तर त्याचा आणि त्याच्या पायताणांचा खाजगी प्रश्न. पण लिफ्टच्या कंपनीने त्याचं पत्र काढलं. शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या विहिरीत, उतरणाऱ्यांचे कमरेचे पट्टे शंभर किलोपर्यंतच भरवशाचे आहेत, सबब शंभरच्या वरच्या कुणीही यापुढे शाफ्टमध्ये पाय ठेवायचा नाही. महिन्याभराची मुदत. सोबत एक फॉर्म होता. त्यावर काट्यावर उभं राहून दिसलेला आकडा स्वतःच लिहायचा, साक्षीदाराची सही घ्यायची आणि ऑफिसात द्यायचा.

पैलवानाने पत्र दोनदा वाचलं आणि खुर्चीत बसला. खुर्ची करकरली. त्या दिवशी तिचा तो आवाज त्याला फार लागला.

पैलवान हे त्याचं टोपणनाव. कुस्तीशी त्याचा संबंध घरच्या पंख्याचा जेवढा असेल तेवढाच, पण देह तसा होता. बावीस वर्षं तो शाफ्टमध्ये काम करत होता. बाहेर लोकांशी दोन वाक्यं बोलताना त्याच्या घशाला कोरड पडायची. आत, लिफ्टच्या टपावर, अंधारात आणि ग्रीसच्या वासात, तो गात असे. वाईट गात असे. पण तो सुखी होता, आणि हे त्याला माहीत होतं, जे फार थोड्यांना माहीत असतं. शाफ्ट बंद झाला तर ऑफिसात टेबलाशी बसून लोकांचे तक्रारीचे फोन घ्यायचे, असं पत्रात शेवटी लिहिलं होतं.

बायकोने त्याच दिवशी गोल तबकडीचा काटा विकत आणला. आकडा निघाला एकशे सात.

"काटा खोटा आहे," पैलवान म्हणाला.

"नाचता येईना अंगण वाकडं," बायको म्हणाली, आणि साखरेचा डबा शिवणयंत्राच्या खणात कुलपात घालून टाकला.

महिना उकडलेल्या भाज्यांवर गेला. चार किलो उतरले आणि मग एकशे तीनवर काटा जो बसला तो हलेना. फॉर्म द्यायला एक दिवस राहिला.

आता कुणीही म्हणेल, अहो, फॉर्मवर नव्याण्णव लिहा आणि मोकळे व्हा. पैलवानाचा जोडीदारही हेच म्हणाला. हा जोडीदार सत्तावन्न किलोचा, त्याला सगळे काडी म्हणायचे. पण पैलवान खोटं लिहिणाऱ्यातला नव्हता. त्याची अडचण वेगळी होती आणि ती त्याने पट्टा आवळता आवळता मांडली.

"खोटं लिहायचं नाही मला. पण काट्यानेच आपणहून नव्याण्णव दाखवलं, तर ते खोटं कसं म्हणायचं? फॉर्मवर लिहिलंय, 'काट्यावर दिसलेला आकडा'. कुठे उभं राहून, ते विचारलेलंच नाही."

"चंद्रावर उभा राहा," काडी म्हणाला. "तिथे सतराच भरशील."

"चंद्रावर काटा न्यायचा कसा पण?"

ती दुपारची वेळ होती. दहा मजली जुन्या इमारतीची लिफ्ट महिन्याच्या देखभालीसाठी दोन तास बंद ठेवून दोघं तळमजल्यावर बसले होते. तिथला वॉचमन काका स्टूल ओढून त्यांच्यात आला. रात्रपाळीत विज्ञानाची जुनी मासिकं वाचून वाचून काकाकडे ज्ञान भरपूर जमलं होतं. त्याला बूड मात्र नव्हतं.

"एका पायावर उभा राहा. वजन निम्मं."

"निम्मं कसं काका? दुसरा पाय काय घरी ठेवून येणार?"

"मग श्वास सोडून उभा राहा. हवेलाही वजन असतं."

पैलवानाने घरचा काटा पिशवीतून आणलाच होता. त्याने श्वास सोडला, तोंड लाल होईपर्यंत सोडला. काटा ढिम्म. डोळे मात्र बाहेर यायला निघाले.

"बरं मला हे सांगा," काका म्हणाला, "लिफ्टचा दोर तुटला तर आतल्या माणसाचं वजन शून्य होतं, असं मी वाचलंय. शून्य वजनाचा माणूस खाली आपटून मरतो कसा? पीस कधी आपटून मेलंय?"

बावीस वर्षं दोरांशी घालवलेल्या माणसाला हा प्रश्न कधी पडला नव्हता, याची पैलवानाला लाज वाटली.

"पडताना काटाही तुझ्याबरोबर पडतोय ना," तो हळूहळू म्हणाला. "तू त्याला दाबणार कसा? तो खालून सटकतोय. म्हणून शून्य. तू आहेस तेवढाच आहेस काका, फक्त काट्याला कळत नाहीये."

असं बोलून तो स्वतःच थबकला. काडीने त्याच्याकडे पाहिलं. दोघांच्या डोक्यात एकाच वेळी एकच गोष्ट आली, आणि दोघं एकाच वेळी उठले. लिफ्ट पडायला कशाला हवी? नुसती खाली निघाली तरी पुरे.

काटा लिफ्टच्या फरशीवर ठेवला. काकाही स्टुलासकट आत आला. लिफ्ट दहाव्या मजल्यावर नेली. पैलवान पट्ट्यासकट वर चढला तर एकशे आठ. मग उतरवणं सुरू झालं. पट्टा आणि त्याचे हूक गेले. बूट गेले. खिशातून पाना, पेचकस, दोन किल्ल्यांचे जुडगे आणि एक अर्धवट चावलेला मुळा निघाला. एकशे तीन.

"हत्ती गेला आणि शेपूट राहिलं," काका म्हणाला.

"पॅन्ट काढ," काडी म्हणाला.

"लिफ्टमध्ये आरसा आहे. मला बघवणार नाही," पैलवान म्हणाला, आणि पॅन्ट राहिली.

काडीने तळमजल्याचं बटण दाबलं. लिफ्ट जराशी दचकली आणि खाली निघाली. त्या क्षणी काटा एकशे तीनवरून घसरला, शंभर, नव्याण्णव, सत्त्याण्णव! तिघांनी एकदम आरोळी ठोकली. काकाने तर टाळ्या पिटल्या. आणि टाळ्या संपायच्या आत काटा सरसर परत एकशे तीनवर येऊन बसला.

"हे काय?" पैलवान ओरडला. "अजून उतरतोय आपण! नऊ, आठ... उतरतोय तरी वजन पूर्ण?"

"काट्याला वाटलं थांबलो," काका म्हणाला.

"सहा किलो गेले कुठे आणि आले कुठून?" काडी खाली वाकून काट्याखाली बघू लागला. किलो तिथे पडले असावेत असा त्याचा भाव होता.

तळमजला आला तेव्हा तर काटा एकशे नऊवर चढला आणि लिफ्ट थांबल्यावर निमूट एकशे तीनवर आला. मग वाद पेटला. काकाचं म्हणणं, वरची हवा पातळ असते. काडीचं म्हणणं, काटा भित्रा आहे, सुरुवातीला घाबरतो. असं एकूण चार वेळा वर-खाली केलं. खाली निघताना कमी, मध्ये पूर्ण, थांबताना जास्त. वर जाताना नेमकं उलट. पैलवान आरशाला टेकून विचार करत राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने एक नियम स्वतः शोधून काढला.

"वेगाचं काही नाही. वेग बदलतो तेव्हाच कळतं. लग्नासारखं आहे हे. पहिल्या आठवड्यात हलकं वाटतं, मग वीस वर्षं काही वाटत नाही."

"आणि थांबताना?" काडीने विचारलं.

"थांबताना जड. लक्षात ठेवा. उतरताना काटा जास्त दाखवायला लागला की लिफ्टला कुणीतरी अडवतंय."

इतकं बोलून त्याने खिशातला फॉर्म काढला आणि सुबक अक्षरात लिहिलं: काट्यावर दिसलेला आकडा, सत्त्याण्णव. काडीने साक्षीदार म्हणून सही ठोकली. यात एक अक्षर खोटं नव्हतं. पैलवानाला इतका आनंद झाला की त्याने काकाला मिठी मारली आणि काकाचं स्टूल पडलं.

"अजून एकदा," तो म्हणाला. "नुसतं गंमत म्हणून."

पाचव्यांदा ते दहाव्यावरून निघाले. या वेळी कुणी ओरडत नव्हतं, सगळे आरामात काट्याकडे बघत होते. एकशे तीन. एकशे तीन. चौथा मजला मागे पडला आणि काटा टुणकन एकशे नऊवर उडाला, आणि लगेच परत आला. लिफ्ट कुठेही थांबली नव्हती.

पैलवानाच्या तोंडचं पाणी पळालं. मघापासून चारही वेळा हे झालं असणार, पण चारही वेळा तिघं तावातावाने भांडत होते. आणि पायांना काही कळलं नव्हतं. ही लिफ्ट मुळातच खडखडत चालायची, पायांना सवय होती.

"पुन्हा," तो म्हणाला. पुन्हा गेले. पुन्हा चौथ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये एकशे नऊ.

"लिफ्टला कुणीतरी अडवतंय," काडीने त्याचेच शब्द म्हटले, पण आता त्यात मस्करी नव्हती.

दोघं टपावर चढून तिथपर्यंत गेले. बॅटरीच्या उजेडात, लिफ्ट ज्याला धरून चालते तो रूळ सरळ होता, रुळाला भिंतीशी धरणारी ब्रॅकेट घट्ट होती, बोल्ट हातोडीने वाजवले तर बरोबर वाजले. लिफ्ट उभी असताना सगळं शहाण्यासारखं होतं. काय होत होतं ते लिफ्ट जातानाच होत होतं. अशी लिफ्ट बंद ठेवून भिंत फोडायची तर हुकूम साहेबांचा, म्हणजे कंपनीच्या इंजिनिअरचा लागायचा.

"मी उभा राहतो काट्यावर," काडी म्हणाला. "तू ह्यात येऊच नकोस. तुझा फॉर्म भरून झालाय."

काडी उभा राहिला. सत्तावन्नचे साठ झाले, तेही पापणी लवते न लवते तोवर. त्याने साहेबांना फोन लावला. साहेबांचा आवाज पैलवानालाही ऐकू येत होता.

"तीन किलो? अरे, बाथरूमचा काटा तो, हलला असेल. त्यासाठी दहा मजल्यांची लिफ्ट बंद करू? लोक मला जिन्यावरून ढकलतील. पुढच्या महिन्यात बघू."

पैलवानाने खिशावरून हात फिरवला. फॉर्म तिथेच होता. दहाव्या मजल्यावरच्या म्हातारीला तो ओळखत होता, ती रोज दोनदा ये-जा करायची आणि दर वेळी लिफ्टला उद्देशून "चल बाई" म्हणायची. मनातून त्याला काडीचा, साहेबांचा आणि विशेषतः काट्याचा भयंकर राग आला. मग त्याने फोन मागितला.

"साहेब, मी उभा राहिलो तर काटा सहा किलो उडतो. चांगला ठणठणीत दिसतो. तुम्ही या."

पलीकडून प्रश्न आला, "तू किती भरतोस रे?"

"या आणि बघा."

साहेब अर्ध्या तासात आले. पैलवान अनवाणी काट्यावर चढला, साहेब चष्मा कपाळावर सारून गुडघ्यांवर बसले, आणि चौथ्या मजल्याखाली काटा एकशे नऊला शिवला. साहेबांनी तीनदा बघितलं. तिसऱ्यांदा ते उठले आणि लिफ्टचा मेन स्विच पाडला.

भिंत फोडायला फार वेळ लागला नाही, कारण तिथे भिंत म्हणावी असं काही उरलंच नव्हतं. काडीने ब्रॅकेटच्या मागे छिन्नी लावली तर प्लास्टर ओंजळभर पडलं आणि भिंतीत रुतवलेला वीतभर अँकर बोल्ट मुळीसारखा हातात आला. लिफ्ट जाताना रूळ भिंतीपासून सुटून तिला अडवायचा आणि नंतर मुकाट जागेवर जाऊन बसायचा. साहेब त्या बोल्टकडे बराच वेळ बघत होते.

मग त्यांनी लिफ्टची वही उघडली. त्यात रकाना होता: दोष कसा लक्षात आला. साहेबांनी लिहिलं, 'लिफ्टमध्ये वजनाचा काटा ठेवून'. पुढे त्यांचं पेन अडलं.

"काटा सहा किलो वाढला, एवढं लिहितो," ते म्हणाले. "किती होता आणि किती झाला, ते कशाला हवं?"

साहेब चांगला माणूस होता. काडी होकारार्थी मान जोरजोरात हलवत होता. काकासुद्धा गप्प होता, आणि काकाचं गप्प राहणं ही तर विज्ञानातली अजून न सुटलेली गोष्ट होती. पैलवानाने नुसतं हो म्हटलं असतं तर चाललं असतं.

"नको साहेब," तो म्हणाला. "ह्याच काट्यावर विश्वास ठेवून तुम्ही लिफ्ट बंद केलीत. तो तिथे खरा आणि माझ्यापुरता खोटा, असं कसं चालेल? लिहा. एकशे तीन होता, एकशे नऊ झाला."

साहेबांनी लिहिलं. लिहून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं नाही, फक्त हात पुढे केला, आणि पैलवानाने आपला पट्टा त्यांच्या हातात दिला.

"मग माझ्याबरोबर आत कोण येणार?" काडीने शाफ्टमधून विचारलं. शेवटी साहेबांनीच पैलवानाचा पट्टा स्वतःच्या कमरेला गुंडाळला, तो त्यांना दोनदा पुरला, आणि ते आत उतरले.

पैलवान चौथ्या मजल्याच्या उघड्या दारात मांडी घालून बसला आणि दोघांना बाहेरून बॅटरी दाखवू लागला. आतून ग्रीसचा वास येत होता. त्याला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं, बॅटरी मात्र हलू दिली नाही.

"अहो, नऊ नंबरचा नाही, अकराचा पाना लागतो तिथे!" तो ओरडला. "साहेब, डोकं सांभाळा. उजवीकडे. अजून उजवीकडे."