एकवीसचा आकडा

आमच्या स्की-उडीच्या क्लबात उडीआधी मुलींची वजनं मी करते. एकोणीस वर्षं झाली. हिशोब साधा आहे: किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. सूट-बुटासकट हा आकडा एकवीसच्या खाली गेला की स्की आखूड घ्यावी लागते, आणि आखूड स्कीवर लांब उडी विसरायची. हलकं अंग हवेत जास्त तरंगतं, म्हणून पोरी उपाशी राहायच्या. त्यांनी तसं करू नये म्हणून हा नियम आला. ज्यांनी केला त्यांना आमच्या पोरी ठाऊक नसाव्यात.

त्या शनिवारी देशाच्या कुमार संघाची निवड होती. माझी भाची एइरिल, वय सतरा, तीन वर्षं याच दिवसासाठी राबत होती. तिच्या आधी तिची आई आत आली, माझी धाकटी बहीण रागनफ्रिद.

"ताई, तू दिलेल्या एइरिलच्या वजनाच्या चिठ्ठ्या मी फ्रिजवर लावल्यात. सगळ्या एकवीसच्या वर! डॉक्टर म्हणतात, साडेअठरापासून पंचवीसपर्यंत म्हणजे छान. आणि तू म्हणतेस पोरगी वाळली."

"अगं, डॉक्टर बूट घालून मोजतात का?"

"बुटांचं असून असून किती असणार? तुला मेलीला खोट काढल्याशिवाय चैन पडत नाही."

बोलायला तोंड होतं कुठे? एइरिल चौदाची असताना वजन जरासं कमी भरलं, तेव्हा मीच तिच्या कानात सांगितलं होतं, "लिटरभर पाणी पिऊन ये, कुणाला कळत नाही." मी उड्या मारायचे तेव्हा आम्ही सगळ्यांनीच ते केलेलं. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

एइरिल काट्यावर उभी राहिली. एकोणसाठ किलो चारशे. उंची एक मीटर अडुसष्ट. एकवीस पूर्ण. पण तिचे ओठ निळसर होते आणि खोली चांगली उबदार होती.

"बूट काढ," मी म्हटलं.

"का? झालं ना वजन?"

"काढ म्हणते ना."

बूट हातात घेतला आणि माझा हातच खाली गेला. तळव्याखाली मासेमारीचं शिसं होतं, ठोकून चपटं केलेलं. उडीसाठी वर चढताना ते काढून ठेवणार होती. दोन्ही बुटांत मिळून दोन किलो.

"मावशी, प्लीज. आजच्या दिवस. आईला सांगू नकोस."

"सूट काढ आणि पुन्हा उभी राहा. किती पाणी प्यायलीस?"

"अडीच लिटर."

काटा त्रेपन्नवर थांबला. पाणी वजा केलं की साडेपन्नास, म्हणजे अठराच्याही खाली. आतल्या कपड्यांत ती थरथरत होती आणि खांद्याची हाडं वर आली होती. इतकी वर्षं मी काट्याकडे पाहत होते, पोरीकडे नाही. लाज वाटली मला, फार लाज वाटली.

मी दार उघडून रागनफ्रिदला आत घेतलं आणि शिसं तिच्या हातात दिलं. तिने ते पाहिलं, मग लेकीकडे पाहिलं.

"पाण्याची युक्ती मी शिकवली," मी म्हटलं. "मला हवं ते बोल, पण नंतर. एइरिल, आज उडी नाही."

एइरिलने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. पंचांनी दारात येऊन तिचं नाव विचारलं, मी नकारार्थी मान हलवली, त्यांनी नावावर काट मारली. निवड गेली.

एइरिलने सूट घडी करून बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे आता मी जेवले तर चालेल?"